बंद घरातले सव्वीस गणपती

मी माझ्या घरात राहत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोलाडच्या एका रिसॉर्टवर लिंबू सरबत पीत उभी होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर माझं नाव आणि त्याखाली ‘सीमा-आखणी तज्ज्ञ’. समोरच्या भिंतीवर आमच्या गावाचा नकाशा लावलेला आणि त्यात आमच्या घरावर लाल फुली. फुलीचा अर्थ खाली छापला होता : बंद घर, कुटुंब स्थलांतरित. त्याच दिवशी सकाळी सहाला मी त्या घरात भाकऱ्या भाजल्या होत्या.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की बाईचं डोकं फिरलंय.

आमचं गाव खारसोनवडी, पेणच्या खारेपाटात. खाडीकडच्या टोकाला शेवटची दोन घरं आहेत. अलीकडचं आमचं, पलीकडचं धोंडुबाईचं. मी आणि माझा नवरा पोपट, दोघंही पेणला जनूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला. पोपट साच्यातून मूर्ती काढतो, मी आखणी करते. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. अंगाचा रंग, शेला, दागिने सगळं झालं की मूर्ती शेवटी माझ्यासमोर येते. मी बारीक ब्रशाने पापणीची रेघ ओढते, बुबुळ भरते आणि त्यात पांढरा ठिपका देते. तोवर तिला कोणी हात जोडत नाही. पेणात ‘आखणीवाली मालू’ एवढंच विचारलंत तरी लोक तुम्हाला कारखान्याच्या दारात आणून सोडतील. बावीस वर्षं हेच करतेय, आणि या शब्दाला दुसराही काही अर्थ असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

सकाळी आठला घराला कुलूप लावायचं, बंधाऱ्यावरून चालत रस्त्याला यायचं, मिनीडोरमध्ये अंग चोरून बसायचं आणि पेण गाठायचं. संध्याकाळी सातला तेच उलट. याला आम्ही कामाला जाणं म्हणतो.

आठ वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत आमचा बंधारा फुटला. आमच्याकडे खांड गेली म्हणतात. खारं पाणी भातात शिरलं आणि मग त्याला येण्याजाण्याची सवयच लागली. तीन वर्षं आम्ही वाट बघितली, तोवर शेतात तिवरं उगवली. तिवर तोडायला कायद्याने बंदी. म्हणजे सातबारा आमचा, झाडं सरकारची आणि पाणी खाडीचं, असा तिघांचा संसार आमच्या एक एकरात सुखाने चाललाय. पूर्वी भात काढलं की त्याच ओलीवर वाल पेरायचो. आता वाल पेणच्या बाजारातून आणते आणि आणताना दर वेळी मनातल्या मनात शिव्या घालते. आमची मुलगी पिंकी कॉलेजातून शिकून आली की जगभरात धूर सोडला म्हणून समुद्र वर चढतोय. मी म्हटलं, “आपल्या घरात एक चूल नि तुझ्या बापाची विडी. एवढ्याने चढला?” तर म्हणाली, “आई, आपला धूर त्यात धरत नाहीत.” कशातच धरत नाहीत, मग यात तरी कशाला धरतील!

यंदा नवा बंधारा मंजूर झाला. जुन्याच्या जागी नाही, बराच आतल्या बाजूला. त्याच्या आत जे घर राहील ते वाचेल. बाहेर राहील त्याच्या ओटीवर दर अमावस्या-पुनवेला खाडी येऊन बसेल आणि चार-दोन वर्षांत भिंती घेऊन जाईल. बंधारा नेमका कुठून जाणार ते कोणी सांगत नव्हतं. मोजणी चाललीय, एवढंच ऐकू यायचं.

अशात पिंकी मोबाइलवर एक फॉर्म घेऊन आली. यज्ञेश आणि ईरा म्हणून दोघं नवरा-बायको आहेत, त्यांची संस्था आहे. शिकायला परदेशात होते, आता आमच्यासाठी परत आले आहेत. त्यांची कोलाडला परिषद होती : सीमा, स्थलांतर आणि हवामान न्याय. खाडीकाठच्या बायका हव्या होत्या.

“काम काय लिहू?” पिंकीने विचारलं.

“आखणी.”

“अनुभव?”

“बावीस वर्षं. लिही, वर्षाला दोन हजार तरी होतात.”

“आपण स्थलांतरित आहात का? हो की नाही?”

“म्हणजे?”

“आई, ‘नाही’ दाबलं की फॉर्म पुढे जातच नाय. तू रोज पेणला जातेस ना?”

“जाते की.”

“मग हो,” म्हणून तिने दाबलं. फॉर्म गेला. आठ दिवसांनी ईराताईंचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. म्हणाल्या, तळागाळातली एक स्त्री बावीस वर्षं आखणी करतेय, आणि आम्हाला तिचं नावही माहीत नव्हतं. मला वाटलं, गणपतीची भक्त असेल बाई. वर्षाला दोन हजार सीमा आखणारी बाई सापडली, असं त्या समजून बसल्या होत्या हे मला काय माहीत! एवढ्या सीमा जगात तरी असतील का?

आषाढातला दिवस होता. पिंकीने आणि मी पेणवरून रोह्याची गाडी पकडली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक बिनडोळ्यांची मूर्ती आणि पिशवीत माझी ब्रशांची डबी, कारण मला वाटलं, प्रात्यक्षिक करून दाखवायचं असणार. रोहा स्टेशनवर गार हवेची गाडी घ्यायला आली होती. रिसॉर्टला गेलो तर दारातच गळ्यात कार्ड घातलं. कार्डावरचं वाचलं आणि मी पिंकीला विचारलं, “ही सीमा कोण?” मला वाटलं, कार्यक्रमाच्या मुख्य बाई असतील.

रिसॉर्ट नदीच्या काठावर. सकाळी धरणातून पाणी सोडतात आणि पाहुणे रबरी होड्यांत बसून किंचाळत खाली जातात. आमच्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही करंगळीएवढं. मी काठावर उभी राहून ते वाहून जाणारं गोडं पाणी बघत राहिले. कोणीतरी माझा फोटो काढला. नंतर कळलं, त्याच्याखाली ‘नदीशी संवाद’ असं लिहिलंय.

मग हिरवळीवर एक दोरी टाकली. यज्ञेश म्हणाले, ही सीमा. सगळ्यांनी अनवाणी ती ओलांडायची, म्हणजे स्थलांतर काय असतं ते तळव्यांना कळेल. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी बूट काढले, डोळे मिटले आणि दोरी ओलांडली. पलीकडे टेबलावर लिंबू सरबत होतं. एक बाई तर रडल्या. मी चपला हातात घेऊन ओलांडली, कारण नवीन होत्या.

त्यानंतर मला मंचावर बसवलं. समोरच्या पहिल्या रांगेत आमच्या बंधाऱ्याचं काम बघणारे इंजिनीअर होते, आदर्श साहेब. पस्तिशीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर नकाशांची गुंडाळी. ईराताईंनी माईक माझ्यापुढे धरला.

“मालूताई, इतकी वर्षं आखणी करताय. यात सगळ्यात अवघड काय असतं?”

“दोन बाजू सारख्या येणं,” मी म्हटलं. “एक बाजू मस्त जमते. दुसरी तिच्यासारखी आली नाय, तर मग पहिलीला पण काय अर्थ राहत नाय.”

सभेत सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं.

“आणि रेषा चुकली तर?”

“ओली हाय तोवर पुसता येते. फडकं जवळ ठेवायचं. एकदा का सुकली, की मग ती तशीच.”

यज्ञेश उभे राहिले आणि म्हणाले की गेल्या शंभर वर्षांतलं जगाचं राजकारण या बाईने एका वाक्यात सांगितलं. टाळ्या पडल्या. आदर्श साहेबांनीही वाजवल्या, मी बघितलं.

“आखताना तुमच्या मनात कोणाचा विचार असतो?”

“कोणाचा नसतो. श्वास रोखून धरते. श्वास सोडला की हात हलतो.”

मग मी टॉवेल सोडला आणि मूर्ती टेबलावर ठेवली. बिनडोळ्यांचा गणपती बघून सभा गार झाली. मी डबी उघडून ब्रश काढणार, तोच ईराताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “नको. तो असाच राहू दे. व्यवस्था आपल्याकडे कशी बघते ते यातून दिसतंय.” मग त्यांनी मला एक प्रमाणपत्र दिलं. मोठ्या अक्षरांत ‘हवामान-स्थलांतरित’, खाली माझं नाव, त्याखाली दोघांच्या सह्या. फोटो झाले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. जेवणात वालाचं बिरडं होतं, बरं होतं.

जेवून सरबत घेतलं आणि भिंतीवरचे नकाशे बघत निघाले. एकावर लिहिलं होतं, ‘खारसोनवडी : नव्या बंधाऱ्याची प्रारूप आखणी’. तो शब्द तिथे बघितला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सीमा कोण, तेही कळलं. पण हसायला वेळ मिळाला नाही, कारण बंधाऱ्याची रेघ सरळ आमच्या दारापुढून गेली होती, आणि आमचं घर बाहेर होतं. धोंडुबाईचंही. आमच्या घरावर ती लाल फुली.

आदर्श साहेब शेजारीच कॉफी घेत होते. मी म्हटलं, “साहेब, हे घर बंद नाय.”

“तीन वेळा माणूस पाठवला होता, ताई. एकदा बाराला, एकदा तीनला, पुन्हा बाराला. तिन्ही वेळा कुलूप.”

“बाराला मी कामाला असते, साहेब.”

“शेजारच्या आजींना विचारलं त्याने. त्या म्हणाल्या, ‘गेली ती पेणला, आता गणपती गेल्याबिगर काय तिला सवड नाय.’ लेखी आहे आमच्याकडे.”

धोंडुबाई खोटं बोललीच नव्हती. आमच्याकडे कोणी बाजाराला जरी गेलं तरी ‘गेली ती’ असंच म्हणतात.

“कोणाचं घर आहे हे?” साहेबांनी विचारलं.

“माझं.”

त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं, मग हातातलं प्रमाणपत्र वाचलं. “पण तुम्ही तर स्थलांतरित,” ते म्हणाले. “आत्ताच टाळ्या वाजवल्या आम्ही.”

“आणि धोंडुबाई? ती तर घरातच असते.”

“एकट्या वृद्ध बाईंसाठी बंधारा अडीचशे मीटर वळवत नाहीत, ताई. त्यांना हलवता येईल.”

मी नकाशावर बोट ठेवलं. “ही रेघ सुकली काय, साहेब?”

त्यांना माझं मंचावरचं बोलणं आठवलं असणार, कारण ते थोडे वरमले. म्हणाले, प्रारूप आहे, पेन्सिलीचंच समजा, हरकत घ्या.

हरकत घेतली. पेणला सुनावणी झाली. साहेबांच्या टेबलावर फाइलमध्ये माझाच फोटो : मी हसतेय आणि हातात ‘हवामान-स्थलांतरित’. मी लाइटचं बिल दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं. ते म्हणाले, कार्डं काय, घर सोडलेल्यांकडेही असतात. शेवटी म्हणाले, फेरतपासणी करू, गणपतीच्या आधी कधीतरी. “कधी?” मी विचारलं. “ते सांगता येत नाही. आधी सांगितलं तर लोक मुद्दाम घरात येऊन बसतात.”

घरात बसणं हा गुन्हा असतो, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

बाहेर येऊन मी ईराताईंना फोन लावला. म्हटलं, ताई, ते प्रमाणपत्र परत घ्या, मी कुठेही गेलेली नाय. त्या खूप हळू आवाजात म्हणाल्या, “मालूताई, तुम्ही स्थलांतरित नसाल, तर आपण न्याय कशासाठी मागायचा? आमच्या अहवालात तुम्ही तिसरं प्रकरण आहात.” मी म्हटलं, “ताई, बंधारा आला नाय तर दोन वर्षांत मी खरंच स्थलांतरित होईन. तेव्हा घाला.” त्या म्हणाल्या, अहवाल ऑगस्टमध्ये द्यायचाय.

आता काय करायचं? दुपारी बाराला कुलूप दिसलं की मी गावातून गेले. म्हणून मी ठरवलं, तपासणी होईपर्यंत घर सोडायचं नाही. पोपटला सांगितलं, तू जा कामाला, मी राहते घरात. मी या घरात राहते हे दाखवण्यासाठी मला बाकी सगळं सोडून नुसतं राहायचं होतं. इतका राग मला सासूचाही कधी आला नव्हता.

जनूशेठने डोक्याला हात लावला. “श्रावण लागलाय मालू, मूर्त्या थांबल्यात! गिऱ्हाइकाला काय डोळे मिटलेला गणपती देऊ?” दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कारागिरांकडून करून घेतलं. मग तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. रस्त्यावर टेम्पो, तिथून बंधाऱ्यावरून माणसं डोक्यावर मूर्ती घेऊन रांगेने आमच्या घराकडे. आखून झाल्या की परत न्यायच्या आणि नव्या आणायच्या. शेवटच्या फेरीला सव्वीस गणपती आले. पोपटने जोतं तीनदा वाढवलंय म्हणून ओटी उंच आहे. पुढच्या खोलीत, ओटीवर, फळीवर, जिथे जागा होती तिथे बसवले. निजायला आम्ही स्वयंपाकघरात.

धोंडुबाई रोज काठी टेकत यायची आणि कोंबड्या हाकलायला दारात बसायची. आखणी न झालेल्या मूर्तींना सांगायची, “इतक्यात बघू नको रं बाबा, घर झाडायचं हाय.” तिच्या त्या एका वाक्याने हे सगळं झालं, हे तिला मी सांगितलं नाही. सांगून काय करणार? नकाशात ती स्वतःच रेघेच्या बाहेर होती.

तपासणीला कोणी फिरकलं नाही. अमावस्या गेली. चतुर्थीला दोन दिवस राहिले आणि माझ्याकडे तीनच मूर्ती बाकी होत्या.

पुढचं मला पोपटने सांगितलं, कारण तो तेव्हा कारखान्यात होता. सकाळी दहाला आदर्श साहेब पाट आणि रुमाल घेऊन त्यांचा गणपती न्यायला आले. त्यांच्या बायकोने बजावून सांगितलं होतं की गेल्या वर्षी ज्या हाताने डोळे काढले तोच हात हवा, ते डोळे कसे घरभर बघायचे. जनूशेठने वही चाळली आणि सांगितलं, “साहेब, तुमचा गणपती खारसोनवडीत हाय. शेवटून दुसरं घर.”

“ते घर बंद आहे,” साहेब म्हणाले.

“आठ दिवस तिथंच राहतोय तो,” जनूशेठ म्हणाले. “जाऊन विचारा त्याला.”

साडेअकराच्या सुमारास मी त्यांना बंधाऱ्यावरून येताना बघितलं. काखेत पाट, पाठीवर ऑफिसची बॅग, चिखलाने पोटऱ्यांपर्यंत पँट रंगलेली. पायरीवर बूट काढून ते ओटीवर आले आणि उभेच राहिले. तेवीस गणपती त्यांच्याकडे बघत होते. मी मुद्दाम तसे मांडले नव्हते, पण दाराकडे तोंड केल्याशिवाय उजेड पडत नाही.

“बसा साहेब,” मी म्हटलं. “चहा टाकते. तुमचा शेवटून दुसरा हाय.”

“लवकर होईल ना? पाणी यायच्या आत निघायला हवं.”

“पाण्याला कोण सांगणार?”

मी आधीचा गणपती पुरा केला. कामात मी घाई करत नाही, तशी त्या दिवशीही केली नाही. साहेबांची मूर्ती समोर घेतली तेव्हा दीड वाजला होता आणि उधाण भरात होतं. आधी अंगणाच्या कडेला पाणी चमकलं, मग ते तुळशीला वळसा घालून आलं, मग पहिली पायरी बुडाली. आवाज काही होत नाही त्याचा. आम्ही रोजचे, आम्हाला काय वाटणार! साहेब मात्र दोन्ही पाय वर घेऊन बसले.

“हे असंच येतं?”

“महिन्यातून दोनदा. तुमच्या नकाशात नाय काय?”

तेवढ्यात दारातून धोंडुबाई ओरडली, “अरे पोरा, तुझा बूट चालला!” साहेबांचा डावा बूट तरंगत शेताकडे निघाला होता. म्हातारीने काठीने तो अडवला आणि ओटीवर आणून टाकला. “दुसरा सांभाळ,” ती म्हणाली. “या घरात वस्तू वर ठेवायच्या असतात.”

साहेबांनी दुसरा बूट उचलून ओटीवर घेतला. मग त्यांनी बॅगेतून फाइल काढली. “फेरतपासणी माझ्याच नावावर आहे,” ते म्हणाले. “आज केली असं धरू.” त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं : घर उघडे. कुटुंब राहते. समक्ष पाहिले.

मला रडू आलं, आणि त्याचा मला रागही आला. स्वतःच्या घरात राहते एवढं लिहून मिळालं म्हणून कोणी रडतं का! डोळे पुसले, श्वास रोखला आणि त्यांच्या गणपतीचा उजवा डोळा पुरा केला.

तोवर साहेबांनी नकाशा पसरून पेन्सिलीची जुनी रेघ खोडली होती. नवी काढली. आमच्या दारापुढून जाणारी रेघ आता आमच्या घरामागून जात होती. आमचं घर आत. रेघ माझ्या मागच्या भिंतीला लागून वळली आणि सरळ निघून गेली. धोंडुबाईचं घर बाहेर राहिलं.

“त्यांच्यासाठी आणखी वळवता येत नाही,” साहेब हळूच म्हणाले. “तुमचं बसतंय. सही करून टाकतो.”

आता खरं सांगते. एक क्षण मला वाटलं, घ्यावं. आपलं झालं, गप्प बसावं. आठ वर्षं जीव मुठीत धरून काढली होती. धोंडुबाई दारात बसून कोंबड्यांना शिव्या देत होती, तिला ऐकूही कमी येतं, तिला कळलंही नसतं. मग माझी नजर समोरच्या गणपतीवर गेली. एक डोळा लख्ख उघडा आणि दुसऱ्या जागी नुसता रंग. तो तसा माझ्याकडे बघत होता, आणि मला माझीच लाज वाटली.

मी ब्रश पाण्यात बुडवला आणि डबीवर आडवा ठेवला.

“साहेब, एक डोळा झाला.”

“दुसरा?”

“दुसरा पहिल्यासारखाच यावा लागतो. कोलाडला तुम्ही लिहून घेतलंत ते.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग मूर्तीकडे, मग दाराकडे. धोंडुबाईचा एक पाय पाण्यात होता आणि ती त्यांचा बूट फडक्याने पुसत होती. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि ओहोटी सुरू व्हायला अजून वेळ होता. साहेबांना कुठे जाता येणार नव्हतं, आम्हालाही नाही.

“वरती काय सांगू मी?” त्यांनी विचारलं.

“सांगा, समक्ष पाहिलं.”

त्यांनी पुन्हा खोडरबर घेतला. रेघ धोंडुबाईच्या घरामागून, तिच्या शेवग्याच्याही पलीकडून नेली, आणि मग पुढच्या रेघेला आणून मिळवली. सहीसाठी खिशातला पेन शोधायला लागले. मी नकाशा बघितला. छान होती रेघ, पण पेन्सिलीची. कोणीही ऑफिसात बसून, चहा पिता पिता, एका खोडरबराने आम्हा दोघींना परत खाडीत टाकलं असतं.

मी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक पाण्याच्या भांड्याला टेकवून सारखं केलं आणि साहेबांच्या हातात दिला.

“पेन्सिल नको साहेब. याने काढा. सुकली की पुसता येत नाय.”

त्यांनी ब्रश घेतला. मी त्यांची करंगळी धरून नकाशाच्या कागदावर टेकवली, नव्या कारागिराची टेकवते तशी.

“आता श्वास रोखून धरा,” मी म्हटलं. “आणि तिच्या दारापर्यंत पोचल्याशिवाय सोडू नका.”